बांधेल तो आधी चालेल

हल्ली ज्याला त्याला तारेवरची कसरत करावी लागते. शेजारचे मास्तर आई आणि बायको यांच्यामध्ये तारेवरची कसरत करतात. पोस्टातला कारकून साहेबाकडे रजा मागताना तारेवरची कसरत करतो. परवा एक बाई म्हणाल्या, "काय सांगू शेवंताबाई, एक चूल आणि तीन भांडी, नुसती तारेवरची कसरत!" मी म्हटलं, "खरी तार बघितलीय का कधी? नाही ना? मग ती चूलच बरी!"

मी ती कसरत खरोखरीची केली. पोटासाठी केली आणि हौसेनं केली. हुबळीची एक सर्कस होती, तिला आम्ही सगळे नुसतं 'कंपनी' म्हणायचो. तिच्यात माझी उमेदीची सगळी वर्षं तारेवर गेली. अशा नोकरीत किस्से साठतात ते तंबू उतरवल्यावर दोरखंडांचा ढीग पडतो तसे. एक टोक ओढायला जावं तर भलताच दोर हातात येतो.

लोक मला एकच विचारतात, "कितीदा पडलात?" एकदाही नाही म्हटलं की त्यांचाच चेहरा पडतो! पडले नाही हो. मला खाली उतरवायला मात्र पुष्कळ जण टपले होते. वर माझी जागा होती आणि ती मी सोडणार नव्हते. माझे सगळे किस्से या एका भांडणाचे आहेत. शेंगा घ्या हातात, फोडत फोडत ऐका.

*

माझं गाव अळणावरजवळचं. बाप स्टेशनजवळच्या वखारीत लाकडाचे ओंडके रचायचा. आम्ही पाणी स्टेशनाच्या नळावरून आणायचो. वाटेत गुडघाभर चिखल, म्हणून मी मालगाडीच्या रुळावरून यायचे. डोक्यावर घागर, अंगात परकर-पोलकं, आणि एका रुळावरून सरळ घरी. यात काही कौतुकाचं आहे हे मला माहीतच नव्हतं. पाय कोरडे राहायचे एवढंच.

एकदा कंपनी गाडी बदलायला अळणावरला थांबली होती. त्यातला एक वाळका, पटकेवाला माणूस माझ्या बाजूनं चिखल तुडवत चालायला लागला. बोलेना की हसेना. थेट आमच्या दारात आला. हा भीमाण्णा, कंपनीचा तारेचा वस्ताद.

आईनं चहा विचारला. तो म्हणाला, "ब्याड." पाणी? "ब्याड." बसायला घोंगडं? "ब्याड." आमच्याकडे कानडी सगळ्यांनाच येतं, पण सगळ्याला नको म्हणणारा पाहुणा आईनं पहिल्यांदाच बघितला. ती म्हणाली, "मग पाहिजे तरी काय?"

"ही हुडगी पाहिजे," भीमाण्णा म्हणाला. "तारेवर चालवतो."

बाप उसळला. "पोरीची जात, सर्कशीत नाचवू का? रुळावरनं उतर म्हणून रोज बोंबलतोय मी!" आईनं मात्र माझ्या कोरड्या पायांकडे बघितलं. मग म्हणाली, "घेऊन जा. जमिनीवर हिचं पाऊल घरात ठरत नाही. वर तरी ठरतंय का बघू!"

सोबतीला म्हणून आत्याला धाडलं. आत्या कंपनीच्या मुदपाकखान्यात भाकऱ्या थापायला बसली आणि माझ्या आधी तीच कायम झाली!

*

भीमाण्णाची शिकवण फार थोडी. वर गेल्यावर "केळग नोडब्याड," म्हणजे खाली बघू नको. आणि चालून झालं की "साकु. इळी." पुरे, उतर. पडता पडता वाचलं तरी "साकु, इळी." डोक्यावर समई घेऊन गेलं तरी "साकु, इळी." एकदा मी वैतागले. म्हटलं, "अण्णा, एकदा तरी शाब्बास म्हणा की!"

तो म्हणाला, "शाब्बास ऐकायला माणूस मान वळवतो."

त्याचा एक नियम मात्र दगडावरची रेघ होता. दोन बाजूंना दोन-दोन खांबांच्या लाकडी कैच्या उभ्या करायच्या, त्यांवरून तार न्यायची, टोकं जमिनीत ठोकलेल्या मेखांना बांधायची. आणि जो बांधेल तो आधी चालेल. त्याच्या आधी कुणी तारेवर पाय ठेवायचा नाही. मालक म्हणोत, कलेक्टर म्हणोत, नाही म्हणजे नाही. रोज तार भीमाण्णा बांधायचा, रोज खेळाआधी तो एकदा चालून जायचा, मग मी.

एके दिवशी त्याला ताप भरला. आमचा रुद्रप्पा पहिलवान छातीवरून मोटार घ्यायचा. तो मला म्हणाला, "तुमचं हे नियमाचं नाटक आजच्या दिवस बंद ठेव. एक तार बांधायला काय वस्ताद लागतो? मीसुद्धा बांधेन!" आणि बांधलीसुद्धा. अशी ताणली की मेखा कुरकुरल्या.

मुदपाकखान्यामागून भीमाण्णा घोंगडं पांघरून लटपटत आला. तारेवर हात ठेवला आणि रुद्रप्पाला म्हणाला, "बरी बांधलीस. चल, चढ."

सगळी कंपनी गोळा झालेली. रुद्रप्पाला माघार घेता येईना. तो चढला, तारेवर पोटावर पडला, तिला मिठी मारली आणि डोळे मिटून सरकत सरकत पलीकडे गेला. एवढा अवाढव्य माणूस, पण मधे एकदा त्यानं आईला हाक मारली, ती आम्ही सगळ्यांनी ऐकली. उतरल्यावर म्हणाला, "मोटार माझ्यावरनं रोज जाऊ दे. मी तारेवरनं पुन्हा जाणार नाही!"

भीमाण्णा थोडा विचार करून म्हणाला, "पायानंच जायचं असं नियमात नाही. चालेल." आणि परत जाऊन झोपला. त्या संध्याकाळी मी तारेवर गेले. नंतर तारेला उगाच हात लावायची कुणाची छाती झाली नाही.

*

माझ्या हातात जपानी कागदी छत्री असायची. तोल तिच्यावर. चळवळीचे दिवस होते. धारवाडच्या मुक्कामात कॉलेजची पोरं मागच्या बाकांवर येऊन बसली. मी तारेच्या बरोबर मधे आले आणि खालून आरोळी उठली, "परदेशी छत्री टाका! परदेशी छत्री टाका!"

पुढच्या रांगेत फौजदार. मालक घामाघूम. बँड बंद पडला. वर मी एकटी.

मी छत्री मिटली आणि दिली खाली सोडून! हात पसरले आणि उरलेली तार तशीच चालले. छत्रीशिवाय मी त्याआधी कधीच चालले नव्हते, हे भीमाण्णाला आणि मला सोडून कुणाला ठाऊक नव्हतं. पोरांनी बाकं डोक्यावर घेतली. खाली आले तर भीमाण्णा म्हणाला, "साकु." इळी म्हणायची गरजच नव्हती, मी उतरलेलेच होते.

फौजदारानं तंबूमागे बोलावलं. "काय गं, चळवळीत आहेस का?"

मी म्हटलं, "साहेब, चळवळीचं मला माहीत नाही. वर असताना कुणी ओरडलं की मला दोनच गोष्टी करता येतात. ऐकायचं, नाहीतर पडायचं. पडणं मला जमत नाही!"

ती छत्री मी परत उचलली नाही. अण्णानं विचारलं, "उद्या काय घेतेस हातात?" मी म्हटलं, "ब्याड!"

*

त्याच धारवाडात मंडळींनी माझ्या कपड्यांवरून काहूर उठवलं. मी गुडघ्यापर्यंतचा चमकीचा फ्रॉक आणि खाली घट्ट पायमोजे घालायचे. एक वकील पुढारी होऊन आले. पगडी, उपरणं, सोबत चार प्रतिष्ठित. मालकांना म्हणाले, "आमच्या बायकामुली बघतात. असल्या वेषात परस्त्री डोक्यावरून फिरते हे शोभत नाही. एकतर ही बाई खाली उतरवा, नाहीतर अंगभर नऊवारी नेसवा!"

त्यांना वाटलं, नऊवारी म्हटल्यावर ही आपोआप उतरेल.

मी मालकांना म्हटलं, "नेसते की!" माझी आई नऊवारीचा कासोटा घालून ओंडक्यांच्या ढिगावर चढायची. लुगड्यात काय अडतंय? दुसऱ्या दिवशी हिरवं इरकली लुगडं कासोटा मारून नेसले, नाकात नथ घातली, आणि गेले तारेवर. इतकं सोयीचं वाटलं की आधीच का नाही नेसले असं झालं.

धारवाडच्या बायका लोटल्या. आपल्यासारखं लुगडं, आपल्यासारखी नथ, आणि बाई वर! बायकांच्या बाजूला बसायला जागा मिळेना.

आठवडाभरात वकीलसाहेब पुन्हा हजर. या वेळी एकटेच. उपरण्यानं घाम पुसत मालकांना म्हणाले, "एक विनंती आहे. त्या बाईंना फ्रॉकच घालू द्या."

"का हो? तुम्हीच तर..."

"अहो, आमच्या हिनं परसात दोरी बांधलीय! विहिरीपासून फणसापर्यंत! विचारलं तर म्हणते, नेसूची अडचण नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत!"

फ्रॉक मी आत्याला देऊन टाकला. तिनं त्याची भाकरीची फडकी केली.

*

एका वर्षी हुबळीला तंबू अर्धा रिकामा राहायला लागला. मालकांनी शक्कल काढली. उणकलच्या तळ्याच्या एका कोपऱ्यावरून तार न्यायची, शेवंता फुकट चालून दाखवेल, म्हणजे लोक तंबूकडे वळतील. दवंडी पिटली.

तर उणकलचे पाटील आडवे आले. "बाईमाणूस तळ्यावरून चालत गेलं तर पाऊस पाठ फिरवेल. गडी चालू दे. बाई नको." मालक माझ्याकडे बघायला लागले. मी म्हटलं, "पाऊस कुणाला विचारून येतो ते पाटलांनी सांगावं. मी चालणार!"

बरीच हुज्जत झाली. शेवटी पाटील म्हणाले, "मी तिकडे बघणार नाही, म्हणजे झालं." आणि तोंड फिरवून बसले.

काठावर ही गर्दी! हुबळीहून टांगे आले होते. तार भीमाण्णानं बांधलेली, म्हणजे आधी त्यानंच चालायचं. तो धोतराचा काचा मारून निघाला. वारा होता, तळ्याचं पाणी खाली चमकत होतं. म्हातारा इतका सुरेख चालला की मीसुद्धा बघत राहिले. पलीकडे पोचल्यावर लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला, टोप्या उडवल्या आणि झाला खेळ म्हणून टांग्यात बसून निघून गेले!

मी ओरडतेय, "अहो थांबा! तो नुसता तार बघायला गेला होता!" कोण ऐकतो?

मी रागानं लाल झाले. पण पायाखाली तार घ्यायची ठरवलेली, ती घेतलीच. तळ्यावरून चालले तेव्हा काठावर एक परीट, त्याची बायको आणि एक म्हैस एवढेच उरले होते. पाटील तर ठरवून पाठमोरे. पलीकडे जाऊन मी अण्णावर तोंड टाकलं, "तुम्ही माझा खेळ खाल्लात!"

तो म्हणाला, "म्हैस शेवटपर्यंत थांबली की नाही?"

पाऊस त्या वर्षी झक्क झाला. पाटलांना मी बाजारात गाठून तसं सांगितलंसुद्धा. ते म्हणाले, "म्हशीसाठी झाला."

*

माझ्या लग्नाचं आत्यानं मनावर घेतलं. धारवाडचा एक शाळामास्तर स्थळ म्हणून चालून आला. सभ्य माणूस, धुतलेला कोट, हातात तपकिरीची डबी. त्यानं आमचा खेळ दोनदा बघितला होता आणि त्याला मी पसंत होते. आत्यानं पोहे केले.

मास्तर म्हणाले, "एक स्पष्ट बोलतो. लग्नानंतर तुम्हाला तार सोडावी लागेल."

मी म्हटलं, "बरं. आणि तुम्ही काय सोडणार?"

"मी?" ते गोंधळले. हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता. प्रामाणिक माणूस, त्यांनी खरंच विचार केला. छताकडे बघितलं. डबीकडे बघितलं. मग जड आवाजात म्हणाले, "मी तपकीर सोडेन."

आत्याला हसू आवरेना, ती आत पळाली. मी मास्तरांना म्हटलं, "तुम्ही ओढा तपकीर, मी चालते तार. दोघांनाही सुख!" ते पोहे संपवून गेले. चांगले होते बिचारे, पुढेही खेळाला यायचे.

आमचा जोकर बाळप्पा कनातीआडून सगळं ऐकत होता. संध्याकाळी तोंडाला पांढरा रंग फासता फासता मला म्हणाला, "शेवंता, मी विडी ओढत नाही, तंबाखू खात नाही, तपकीर तर नाहीच. माझ्याकडे सोडायला काही नाही. मग तुला तरी तार सोड कसं म्हणू?"

त्याच्याशीच लग्न केलं! तेव्हा बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. मी घेते. हा काय बाळप्पा, समोर बसून शेंगा संपवतोय.

*

हा किस्सा छोटा आहे. पहिला मुलगा झाला, तो वर्षाचा होईपर्यंत मी खाली होते. परत आले तर मालक गंभीर. "शेवंता, आता आई झालीस. तार बस झाली. तुला मी तिकिटाच्या खिडकीत बसवतो, सावलीत."

मी म्हटलं, "मालक, आपल्या पांढऱ्या घोडीलाही शिंगरू झालं ना? ती कुठल्या खिडकीत तिकिटं विकतेय?"

मालक डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. म्हणाले, "जा बाई, जा वर!" माझ्या पाहण्यात तेवढा मोठ्या मनाचा मालक दुसरा नाही. गेले तेव्हा मी बापासाठी रडले नव्हते इतकी रडले.

*

आणि हा शेवटचा. बाळप्पाला मीच जास्त चांगला सांगते असं वाटतं, म्हणून तो गप्प बसणार आहे.

मालक गेले आणि धाकटे मालक गादीवर आले. माणूस वाईट नव्हता, पण घाई फार. लढाईचे दिवस, लोकांना रोज नवं पाहिजे असं त्यांच्या डोक्यात बसलेलं. त्यांनी मद्रासकडून तारेचा एक पोरगेला मास्टर आणला, वेलू नावाचा. मला बोलावून म्हणाले, "शेवंताबाई, दोन मुलं झाली, वय झालं. लोक आता तुम्हाला बघून कंटाळलेत. उद्यापासून तुम्ही तिकिटाच्या खिडकीत."

पुन्हा तीच खिडकी! मी म्हटलं, "लोक कंटाळले की तुम्ही?"

"मी मालक आहे."

"तंबूचे. माझ्या पायांचे नव्हे. खिडकीत मी बसणार नाही. रोज नेसून सजून कैचीपाशी उभी राहीन. काय करायचं ते करा."

ते म्हणाले, "राहा उभ्या." त्यांना वाटलं, चार दिवसांत पाय दुखतील.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बाहेर फुशारकी मारली तरी आतून मी भ्यालेच होते. तारेवर नाही तर मी कोण, हे मला ठाऊक नव्हतं. आजही सांगता येणार नाही.

दुसरा दिवस शनिवार. हुबळीचा तंबू खच्चून भरलेला. मी हिरवं लुगडं नेसले, नथ घातली आणि कैचीपाशी जाऊन उभी राहिले. शेजारी खोक्यावर भीमाण्णा. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढलेला. तार तो हातानं चाचपून बांधायचा आणि अजूनही आधी तोच चालायचा, पाय तेवढे डोळस होते. मध्यंतर झालं तरी तो खोक्यावरून हलेना.

धाकटे मालक आले. "अण्णा, तार बांधा. वेलूचा खेळ आहे."

"ब्याड," भीमाण्णा म्हणाला.

त्यांनी तंबूच्या गड्यांना सांगितलं. गडी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभे. रुद्रप्पाला सांगितलं. त्यानं छाती चोळली आणि दुसरीकडे बघितलं. बाकांवर लोक शिट्ट्या वाजवायला लागले. धाकट्या मालकांच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. त्यांनी कोट काढून फेकला आणि भर रिंगणात स्वतः तार बांधली. बरी बांधली होती, खोटं कशाला बोलू? लहानपणापासून बघत आले होते.

वेलू शिडीपाशी आला. तारेला हात लावला आणि मोडक्या हिंदीत विचारलं, "किसने बांधा?"

"मैंने," धाकटे मालक म्हणाले.

वेलूनं त्यांना हात जोडले आणि शिडी मोकळी करून बाजूला झाला. "पहले मालिक." त्यांच्या मुलखातही हाच नियम होता हो! आम्हालाच ठाऊक नव्हतं.

बँड आपोआप थांबला. एवढ्यात आमचा हा बाळप्पा, तोंडाला रंग, डोक्यावर उलटी टोपी, रिंगणाच्या मधोमध जाऊन ओरडला, "मेहेरबान, कदरदान! आज खुद्द मालक तारेवर!"

तंबू दणाणला. लोकांना वाटलं हा नवाच खेळ. आता उतरायची सोय राहिली नाही. धाकटे मालक चढले. कैचीवरच्या फळीवर उभे राहिले. एक पाय तारेवर ठेवला, मागे घेतला. पुन्हा ठेवला, पुन्हा घेतला. लोक पोट धरून हसायला लागले. मालकांनी दोन्ही हातांनी खांबाला मिठी मारली आणि वरूनच हाक दिली, "शेवंताबाई, तुम्ही चला!"

मी म्हटलं, "तुमची तार आहे मालक. आधी तुम्ही."

"मी हुकूम करतोय!"

"हुकूम खाली येऊन करा!"

खरं सांगते, मला दया आली नाही. घोडीचा किस्सा आठवला, थोरले मालक आठवले आणि आणखीच राग आला. मी पलीकडच्या कैचीशी गेले. मेखेवर वाकले आणि त्यांनी मारलेली गाठ सोडली. तार सैल पडली. कैच्यांना त्यांचे वेगळे ताण असतात, नाहीतर मालक तिथेच खाली आले असते. मी कासोटा खोचला, तार ओढली आणि माझ्या हातानं बांधायला घेतली. घाई केली नाही. तंबूतलं हसू थांबलं. बाईमाणसाला तार बांधताना लोकांनी कधी बघितलंच नव्हतं, ते गपचूप बघत राहिले.

बांधून झाल्यावर भीमाण्णा चाचपत आला. तारेवर तळवा ठेवून उभा राहिला.

बांधेल तो आधी चालेल. मी चढले.

छत्री नाही, बँड नाही. समोरच्या टोकाला मालक खांबाला धरून, आणि मधे माझी तार. मी चालले. रोज चालायचे तशीच चालले, थोडी हळूच. त्यांच्यापासून एका पावलावर जाऊन थांबले. फळी एका माणसापुरतीच असते. ते माझ्याकडे बघत राहिले, मी त्यांच्याकडे. खाली मुंगी चालली असती तरी ऐकू आली असती.

मी म्हटलं, "मालक, जागा करा."

ते एक एक पायरी उतरून खाली गेले. मी फळीवर पाऊल टेकवलं, वळले आणि परत निघाले. मग बँडवाल्यांना जाग आली, मग टाळ्या, मग वेलूची शिट्टी सगळ्यांच्या वर. मी कशाकडे मान वळवली नाही. माझ्या बाजूच्या फळीशी आले. खाली भीमाण्णा तसाच, तळवा तारेवर, पांढरे झालेले डोळे वर. आता तो 'साकु, इळी' म्हणणार, म्हणून मी सवयीनं शिडीकडे पाय टाकला.

तो म्हणाला, "हुडगी, इळीब्याड."